आधी रायफल बांधून पाहावी

माझ्या हाताखाली शिकलेला माणूस रायफलीला हात लावण्याआधी हात धुतो. ही सवय लोकांना लावताना मी पुष्कळांशी वाईटपणा घेतला. जिल्हा पोलिसांच्या कोतीत, म्हणजे शस्त्रागारात, मी तीस वर्षं आर्मोरर होतो. हत्यार उघडायचं, पुसायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा जोडायचं, हेच काम. घामट बोट नळीला लागलं की दोन दिवसांत तिथे तांबूस डाग उमटतो. तसा डाग दिसला की तो घासून काढेपर्यंत मी जेवत नसे. बायको म्हणायची, तुम्ही माणसापेक्षा लोखंडाला जास्त जपता. खरंच होतं ते. लोखंड निदान पान खाऊन पिचकारी मारत नाही.

निवृत्त झालो आणि नेरला घरी येऊन बसलो. बसणं काही जमेना. गावाबाहेर एका जिनिंगचं जुनं गोदाम रिकामं पडलं होतं. त्याच्या मालकाला पुढारी व्हायचं होतं, आणि पुढारी व्हायचं तर तरुणांसाठी काहीतरी केल्याचं दाखवावं लागतं, म्हणून त्यानं त्या गोदामात एअर रायफलचं नेमबाजी केंद्र काढलं. तोच केंद्राचा अध्यक्ष. नाव घ्यायची इच्छा नाही, अध्यक्षच म्हणतो. तो मला बोलवायला घरी आला, चपला बाहेर काढून आत बसला आणि म्हणाला, "उस्ताद, तुमच्याशिवाय हे कोणाले समजते या तालुक्यात?" मी विरघळलो. माणूस म्हातारा झाला की त्याला विरघळवायला फार साखर लागत नाही.

केंद्र कसलं, गोदामच ते. एका टोकाला फळीवर कागदी लक्ष्यं लावलेली, दहा मीटरवर जमिनीवर पांढरी रेघ मारलेली. दोन साध्या रायफली आणि एक चांगली, परदेशी बनावटीची, दाबलेल्या हवेवर चालणारी, कोणीतरी वापरून विकलेली. शेजारचं जिनिंग सुरू झालं की कापसाचा भुरका आत येऊन सगळ्यावर बसायचा. तो मला चालायचा, कापूस बिचारा जाणार कुठे. चालायचा नाही तो खर्रा. आमच्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा करतात आणि चार जण एकाच पुडीत बोटं घालून खातात. निम्मे सभासद तो गोळा गालात धरूनच नेम धरायचे. कुंद्याला, म्हणजे रायफलीच्या मागच्या लाकडाला, गाल टेकतो तिथे लाळेचा ओघळ यायचा. तो मी पुसायचो. कोपऱ्यात थुंकून वर मलाच सांगायचे, "उस्ताद, माती टाकून द्या ना त्याच्यावर." मला किळस यायची आणि मी ती लपवत नसे. बाकीचे यायचे ते रील काढायला. काळा चष्मा, रायफल खांद्यावर, नळी मित्राच्या कपाळाला लावलेली. त्यातल्या एकाच्या कानाखाली मी वाजवली, तर अध्यक्षच मला समजावायला आला की पोरं आहेत, मजाक करून राह्यले. रायफलीशी मजाक करणारा माणूस मला आजही डोळ्यासमोर नको असतो.

या सगळ्यात एकच सभासद मला सहन होत होती. बसस्टँडजवळच्या शिंप्याची मुलगी, विशीतली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. ती आली की आधी बाहेरच्या नळावर हात धुवायची, ओढणीला पुसायची आणि ते पुरते कोरडे होईपर्यंत नुसती उभी राहायची. पहिल्या दिवशी हे पाहिलं तेव्हाच मी ठरवलं, चांगली रायफल हिची.

लोकांना वाटतं नेम म्हणजे डोळा. डोळ्याचं काम त्यात सगळ्यात सोपं. मागच्या साईटला एक बारीक भोक असतं, पुढे नळीच्या टोकाला एक कडी असते, आणि पलीकडे लक्ष्याचा काळा ठिपका. भोकात कडी, कडीत ठिपका, तीन गोल एकमेकांच्या मधोमध बसले की नेम लागला. हे शाळेतल्या पोराला दहा मिनिटांत जमतं. खरं काम रायफल त्या माणसाच्या अंगाला बसवण्याचं. कुंदा तिच्या हातापेक्षा लांब होता, तो मी मागून कमी केला. गालाची पट्टी कानशीनं घासून खाली आणली, म्हणजे मान न वाकवता डोळा आपोआप भोकासमोर येईल. नळी कुंद्याला दोन स्क्रूंनी धरलेली असते. एक घट्ट आणि एक सैल असला तर प्रत्येक झटक्याला नळी वेगळी बसते, म्हणून ते दोन्ही सारखे आवळले. चापाचा ताण इतका हलका केला की बोटाला तो सुटल्याचं कळूही नये. छर्ऱ्यांचा डबा आला की मी ते एकेक करून नखावर फिरवायचो आणि ज्याची कड चेपलेली असेल तो फेकून द्यायचो. आणि सगळ्यात नाजूक जागा म्हणजे नळीचं तोंड. छर्रा बाहेर पडताना रायफलीचा शेवटचा स्पर्श तिथे होतो. त्या तोंडावर एक पोकळ टोपी असते, छर्ऱ्यामागून येणारी जास्तीची हवा बाजूला काढून देणारी. छर्रा तिच्या मधल्या भोकातून कुठेही न लागता जायला हवा. लागला, नुसता घासला, की मागे कितीही चांगला नेम असू दे, गेला तो.

मुलीचा बापही कारागीर माणूस. नेमबाजाला ताठ जॅकेट लागतं, पाठ आणि कोपर धरून ठेवणारं. तयार जॅकेट त्यांच्या आवाक्याबाहेरचं. मग यानं जाड कॅनव्हास आणला, आत जुन्या सतरंजीचं अस्तर लावलं आणि माझ्याकडच्या एका चित्रावरून ते जॅकेट शिवलं. जाडीला नियम असतो. मी फुटपट्टी घेऊन बसायचो आणि जास्त भरलं की परत पाठवायचो. तीनदा उसवलं त्यानं, एका शब्दानं कुरकुरला नाही. त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता आणि सुईत दोरा ओवायला मुलगीच लागायची. म्हणूनच घरात ठरलं होतं: हे एक वर्ष नेमबाजी. अमरावतीच्या विभागीय स्पर्धेतून राज्याला निवड झाली तर ते प्रमाणपत्र पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी चालतं, आणि तिला पोलीसच व्हायचं होतं. नाही झाली निवड तर दुकानात मशीनवर बसायचं. ज्युनिअर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. बापानं हे धाकदपटशानं ठरवलं नव्हतं. दोघांनी मिळून ठरवलं होतं आणि मला येऊन सांगितलं होतं.

दसऱ्यापर्यंत ती अशी मारत होती की मला कोणाला तरी दाखवावंसं वाटायचं. दहा छर्रे आणि कागदावर एकच भोक, थोडं पसरट.

मग दसरा आला. कोतीत आम्ही दरवर्षी शस्त्रपूजा करायचो. पण तिथे आधी प्रत्येक हत्यार रिकामं आहे हे दोघांनी तपासायचं, मग प्रत्येक नळीच्या तोंडात तेलाच्या चिंदीचा बोळा कोंबायचा, मग हळदकुंकू. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं उघडून धुऊनपुसून परत. साहेब लोक फोटो काढून निघून जायचे आणि मी चार दिवस झेंडूच्या पाकळ्या आणि कुंकू काढत बसायचो. शिव्या द्यायचो पण बोळा कधी चुकला नाही.

गोदामात अध्यक्षानं मंडप घातला होता. टेबलावर तिन्ही रायफली, त्यांना झेंडूचे हार. गावातली पन्नासेक माणसं, निम्म्यांच्या गालात खर्रा. मी बोळे खिशात घेऊन गेलो होतो, हे मला चांगलं आठवतं. पण गेल्या गेल्या अध्यक्षानं माइक हातात घेऊन माझा सत्कार जाहीर केला. शाल, श्रीफळ, फेटा. जिल्ह्याचे उस्ताद, आमचे मार्गदर्शक, असं बरंच काही. मी फेटा सावरत उभा होतो. मला ते आवडत होतं, अगदी आतून आवडत होतं. मग अध्यक्ष म्हणाला, "उस्ताद, पह्यलं कुंकू तुमच्या हातानं." मी करंगळीशेजारच्या बोटानं ओलं कुंकू घेतलं आणि चांगल्या रायफलीच्या तोंडावर लावलं. लोकांनी मूठमूठ अक्षता टाकल्या. अध्यक्षानं दारात नारळ फोडला आणि ते पाणी, कॅमेऱ्याकडे बघत, रायफलींवर शिंपडलं. मग सगळे एकमेकांना आपट्याची पानं देऊन सोनं घ्या, सोनं घ्या करू लागले. बोळे माझ्या खिशातच राहिले. मुलगी त्या दिवशी आली नव्हती, दिवाळीच्या शिलाईची घाई होती.

दुसऱ्या दिवशी मी तेलाच्या फडक्यानं रायफल बाहेरून पुसली. उघडली नाही. आठच दिवसांपूर्वी मी ती माझ्या हातानं जुळवली होती, उगाच कशाला हलवायची, असं मनाशी म्हणालो. शाल घरात खुर्चीच्या पाठीवर टाकलेली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होती.

त्या आठवड्यापासून तिचे छर्रे भरकटायला लागले. दहांतले सात जागेवर आणि तीन डावीकडे खाली. सगळे बिघडले असते तर मला कळलं असतं. तीनच बिघडत होते, आणि तेही कधी दुसरा, कधी नववा. माणसाच्या चुकीसारखंच दिसत होतं ते.

"चाप झटकून राह्यली तू," मी म्हणालो.

"नाई काका. हळूच दाबला."

"मंग छर्रा काय सोताच्या मनानं गेला तिकडं?"

तिनं पुढचा छर्रा भरला. मी तिचा श्वास मोजायला लागलो. छाती अर्धी रिकामी झाल्यावर थांब. नाही, अजून थोडी रिकामी कर. पाय जास्त फाकवलेस. कोपर बरगडीवर नीट टेकत नाही. सकाळी चहा प्यालीस का, चहानं ठोके वाढतात, चहा बंद. तिनं चहा बंद केला. जॅकेट पोटात ढिलं पडतं म्हणून मी बापाला बोलावून घेतलं. त्यानं ते पुन्हा उसवलं, एका डोळ्यानं, दिवाळीची गिऱ्हाइकं थांबवून. दोन दिवसांनी मी सांगितलं, आता फार आवळलं, पूर्वीसारखं कर. त्यानं पूर्वीसारखं केलं. तो फक्त म्हणाला, "तुम्ही म्हणान तसं भाऊ. आपल्याले यातलं काय समजते."

कोतीत माझा एक नियम होता, आणि तो मी या मुलीला पहिल्याच महिन्यात शिकवला होता: आधी रायफल बांधून पाहावी, मग माणसाला बोलावं. रायफल बेंचवाईसमध्ये, टेबलाला जोडलेल्या लोखंडी शिकंज्यात, घट्ट बांधायची, माणूस बाजूला करायचा आणि दहा छर्रे सोडायचे. एक भोक पडलं तर दोष माणसात. विखुरले तर दोष रायफलीत. दहा मिनिटांचं काम. एकदा सरावात एका शिपायाचा एकही नेम लागेना आणि त्याला सगळ्यांसमोर आईबहिणीवरून ऐकावं लागत होतं, तेव्हा मी त्याची रायफल बांधून साहेबांना दाखवलं होतं की साईट वाकलेली आहे. पुढे कितीतरी वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगत होतो. तिलाही सांगितली होती.

एका संध्याकाळी तिनं विचारलं, "काका, एकडाव रायफल बांधून पाह्याची का?"

"कायले?"

"तुम्हीच सांगतलं होतं ना. पह्यले रायफल, मंग माणूस."

"ते दुसऱ्यानं जुळवलेल्या रायफलीसाठी. हे मी सोता जुळवली आहे. सोताची चूक झाकाले रायफलीवर ढकलून राह्यली का तू?"

हे मी चार सभासदांसमोर म्हणालो. त्यातला एक हसला, गालातला खर्रा सावरत. ती लाल झाली, पुन्हा रेघेवर उभी राहिली आणि दहा छर्रे मारले. तीन डावीकडे खाली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. उलट स्वतःच सांगायला लागली, काका, आज बोट जड होतं, आज लक्ष नव्हतं. माझ्या तोंडची सगळी वाक्यं तिनं पाठ केली होती.

दिवाळीनंतर अमरावतीला स्पर्धा झाली. सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं गेलो, रायफलीची पेटी माझ्या मांडीवर. तिथे माझे जुने ओळखीचे लोक होते. त्यांनी मला तपासणीच्या टेबलावर सोबत बसवलं, चहा पाजला, उस्ताद उस्ताद केलं. तपासणीत रायफलीचं वजन, तिची मापं आणि जॅकेटची जाडी मोजतात. शिंप्याचं जॅकेट मापात बसलं. मोजणाऱ्यानं अस्तर उलटून पाहिलं आणि विचारलं कुठून घेतलं. बाप मागे उभा होता, त्यानं हात जोडले. नळीच्या टोपीच्या आत कोणी पाहत नाही. त्यांनी पाहिलं नाही, मीही नाही.

साठ छर्रे होते. मी मागून दुर्बिणीतून पाहत होतो. तिचा चाप सुटताना शरीराचा एक केस हलत नव्हता, हे मी पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं आणि तरीही छर्रा डावीकडे खाली गेल्यावर मी शेजारच्याला म्हणालो, "घाबरली." अशा छर्ऱ्यांनी तिची निवड गेली. फार नाही, तीन गुणांनी.

स्पर्धा संपल्यावर नागपूरकडचे एक पंच माझ्याकडे आले. म्हणाले, "मुलीची उभी राहण्याची पद्धत फार सुंदर आहे. पुढच्या महिन्यात नागपूरला खुल्या गटाची स्पर्धा आहे, तिथूनही राज्याला जाता येतं. या शनिवारपर्यंत नाव नोंदवा." मी तिला सांगितलं. ती जॅकेटची घडी घालत होती. "नाई काका," ती म्हणाली. "रायफल एवढी चांगली, तुम्ही एवढं शिकवलं, तरी नाई झालं. मंग माह्यातच खोट आहे. तिथं जाऊन अजून काय वेगळं होणार?" बाप म्हणाला, तिच्या मनात नसेल तर राहू द्या. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी झोपून गेली. तो रविवार होता.

मंगळवारी मी रायफल परत ठेवायला म्हणून गोदामात गेलो. अजून कोणी आलं नव्हतं. का कोण जाणे, वाळूच्या पिशवीवर टेकवून मी स्वतः पाच छर्रे मारले. तिसरा डावीकडे खाली गेला. मी कागदाजवळ जाऊन ते भोक बोटानं चाचपलं. मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून रायफल बेंचवाईसमध्ये बांधली आणि दहा सोडले. सात एका भोकात, तीन डावीकडे खाली. रायफलीला कोणाचा हात लागलेला नव्हता.

टोपी तीन आट्यांत निघते. आत, डाव्या अंगाला खाली, एक तांदळाचा दाणा चिकटला होता. कुंकवानं लाल झालेला, अर्धा तुटलेला, आणि तुटल्या कडेवर शिशाची करडी रेघ. छर्रे त्याला घासून घासून गेले होते. नारळाच्या पाण्याचा तपकिरी राप आतून सगळीकडे बसला होता, त्यात कापसाचा भुरका आणि दोन मेलेल्या मुंग्या. आंबूस वास येत होता. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या घाणीला नाकं मुरडली, आणि ही माझी होती, मी माझ्या बोटानं लावलेली. मी दाराबाहेर जाऊन खरोखर ओकलो.

मग आत येऊन टोपी धुतली, वाळवली, बसवली. पुन्हा दहा छर्रे. एक भोक. रुपयाच्या नाण्याच्या निम्म्याएवढंही नाही. तो कागद आणि पुडीत बांधलेला दाणा मी शर्टाच्या खिशात ठेवला.

तेव्हाच उठून तिच्या दुकानात जायला हवं होतं. बसस्टँड किती लांब, पायी पंधरा मिनिटं. तो कागद पाहिला असता तर ती नागपूरला गेली असती, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आज तर नाहीच. पण मी त्या पंधरा मिनिटांचा विचार करत नव्हतो. मी नागपूरचा विचार करत होतो. ती पुन्हा उतरली की पंच विचारणार, महिन्याभरात एवढा फरक कसा? मग ती सांगणार, आणि तिनं का सांगू नये? उस्तादांनी पूजा केली आणि रायफलीच्या तोंडात तांदूळ राहिला. सगळ्या विदर्भात ही गोष्ट चहाबरोबर फिरली असती. मला ती ऐकू येत होती, हसणाऱ्यांच्या आवाजांसकट.

बुधवारी मी आठवडी बाजाराचं निमित्त काढलं. गुरुवारी अध्यक्षाला कसलातरी फोटो हवा होता, त्याच्यासोबत दिवस घालवला, ज्याची सावली मला सहन होत नाही त्याच्यासोबत. शुक्रवारी मनाशी म्हणालो, ती नाही म्हणालीच आहे, आता उगाच तिचं मन कशाला ढवळायचं. शनिवारी मी गोदामात नुसता बसून होतो. फोनमध्ये वेळ बघत होतो. पाच वाजले. नोंदणी बंद झाली असणार. आणि मला हलकं वाटलं. हे लिहितानाही अंगावर शहारा येतो, पण वाटलं ते हलकंच. आता सांगायला हरकत नव्हती, कारण आता सांगून काहीच होणार नव्हतं.

सोमवारी दुपारी मी दुकानात गेलो. बाप कापड बेतत होता, ती मशीनवर बसून ब्लाउजची बाही जोडत होती. मी पुडी उघडून बेतायच्या फळीवर ठेवली. बापानं चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाला, "अक्षता? कायच्या?" मी सगळं सांगितलं. दसऱ्याचा बोळा खिशात राहिला ते, टोपी, नारळाचं पाणी, शिशाची रेघ. मशीन थांबलं. ती उठून आली. तिनं दाणा पाहिला, बोट लावलं नाही. मग कागद हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. त्या एका भोकातून रस्त्यावरचा उजेड येत होता.

"म्हंजे माहा हात बरोबर होता," ती म्हणाली.

मी अंगावर शिव्या घ्यायच्या तयारीनं गेलो होतो. तिचा चेहरा उजळला होता. दीड महिना तिला कोणी तरी आजारी आहेस असं सांगत होतं आणि आता नाही म्हणून सांगितलं, तसा. तिनं बापाला तो कागद दाखवला, त्याच्या बऱ्या डोळ्यासमोर धरून. मग ती थांबली.

"काका, नागपूरचं नाव कधीपर्यंत द्याचं होतं?"

"परवाच्या शनिवारपर्यंत."

"आन् हे तुम्हाले कधी समजलं?"

"काल," मी म्हणालो.

एवढ्या सहजपणे म्हणालो की मलाच ते खरं वाटलं. तिनं मान हलवली. कागदाची नीट घडी घातली आणि मशीनच्या खणात ठेवली.

"एकच दिवस," ती म्हणाली. "एक दिवस अगोदर उघडली असती तर."

"जाऊ दे बेटा," बाप म्हणाला. "त्यायची काय चूक. म्हातारा माणूस, सांगाले तरी आला. दुसरा असता तर सांगतलंही नसतं."

त्यानं समोरच्या टपरीवर हात करून तीन चहा मागवले. तिनं तिचा कप उचलला, दीड महिन्यानंतर पहिल्यांदा असावा, आणि मशीनवर बसून पिता पिता उरलेली बाही पुढे ओढली. माझ्या कपात त्यानं साखर जास्त घालायला सांगितली होती, कारण मला ती तशी लागते. मी तो चहा पूर्ण प्यालो.